गंधक समजून सेलेनियम पिणारी झाडं

वारणाकाठ

गेल्या आठवड्यात आत्या पलूसहून आली. पिशवीतनं डबा काढला, मूठभर गहू ताटलीत ओतले आणि म्हणाली, "ह्यात ते केस घालवणारं हाय का बघ." मी माती-पाणी परीक्षणाचं काम करतो, त्यामुळे घरच्यांच्या मते मला नुसतं बघून सगळं कळतं.

विषय अर्थात शेगावचा. डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या बोंडगाव, कालवड, कठोरा अशा गावांत लोकांचे केस तीन-चार दिवसांत पुंजक्यांनी हातात आले. आधी पाण्यावर संशय, मग बुरशीवर. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर (विंचूदंशावरच्या उपचारांसाठी ओळखले जाणारे तेच) तिथं गेले, नमुने स्वतः तपासून घेतले आणि रेशनच्या, पंजाबकडून आलेल्या गव्हात सेलेनियम फार असल्याचा निष्कर्ष त्यांनी मांडला. किलोला सुमारे १४.५ मिलिग्रॅम.

आत्याला सांगितलं की मृद आरोग्य पत्रिकेवर बारा रकाने असतात: सामू (आम्ल-विम्लता), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन. सेलेनियमचा रकाना नाही. "मग काय कामाचा तू," म्हणाली आणि गहू परत डब्यात भरले.

पण विषय डोक्यातनं जाईना. गव्हात ते येतंच कसं? गव्हाला तर त्याची गरजही नाही.

घोळ गंधकाचा आहे. मूलद्रव्यांच्या तक्त्यात सेलेनियम गंधकाच्या बरोबर खाली बसतं. जमिनीत गंधक सल्फेट म्हणून असतं, तसं हवेशीर आणि सामू जास्त असलेल्या जमिनीत सेलेनियम सेलेनेट म्हणून असतं. दोन्हींचा आकार जवळपास सारखा. मुळाच्या पेशींवर सल्फेट आत घ्यायची दारं असतात, त्या दारांना हा फरक कळत नाही. आत गेल्यावरही तेच. ज्या वाटेनं गंधकाचं सिस्टिन हे अमिनो आम्ल बनतं त्याच वाटेनं सेलेनियमचं सेलेनोसिस्टिन बनतं, आणि प्रथिनं विणताना झाड ते सिस्टिनच्या जागी घालून मोकळं होतं. ठिबकवाल्यांना लगेच कळेल: वेगळ्या आट्याची जोडणी पाइपाला फिरवून बसवली तर बसते. दाब आला की गळते. प्रथिनाचं तसंच होतं, घडी बसत नाही. पानं पिवळी पडतात, वाढ खुंटते.

आता गंमत. काही झाडं याच विषावर खुशाल वाढतात. साधारण जमिनीत किलोमागे ०.४ मिलिग्रॅमच्या आसपास सेलेनियम असतं. अमेरिकेच्या पश्चिम भागातलं ॲस्ट्रॅगॅलस बायसल्केटस (आपल्या हरभऱ्या-वाटाण्याच्या कुळातलं) सेलेनियमयुक्त जमिनीत सुक्या पाल्याच्या किलोमागे १० ग्रॅमपर्यंत साठवतं. ग्रॅम, मिलिग्रॅम नव्हे. मोहरीच्या कुळातलं स्टॅन्लेया पिन्नाटा, ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधलं नेप्च्युनिया ॲम्प्लेक्सिकॉलिस, जे आपल्या लाजाळूच्या गोतातलं, हीही त्यातलीच. किलोला १००० मिलिग्रॅमच्या वर गेलं की त्याला महासंचयी म्हणायचं. त्याखाली १०० ते १००० मध्ये मोहरी, ब्रोकोली वगैरे मंडळी येतात. गहू, ज्वारी, गवतं शंभराच्याही आत, त्याहून जास्त त्यांना झेपत नाही.

या झाडांना तरी फरक कळतो का? फारसा नाही. ती झाडं सेलेनोसिस्टिनला मिथाइल या छोट्या रासायनिक गटाची टोपी घालतात. टोपी घातलेला रेणू प्रथिनं विणणाऱ्या यंत्रणेला सिस्टिन वाटत नाही, म्हणून ती तो उचलत नाही. विष आत आहे, भरपूर आहे, पण कामावर घेतलेलं नाही.

जाणकारांनी भर घालावी. चुकलं असेल तर कान धरावा.

---

खिलार

वारणाकाठ, झकास लिवलंय. पर मला एक कळंना. आमच्या म्हशीची वार अडकली हुती तवा डॉक्टरनं ई जीवनसत्त्व आन सेलेनियमचं इंजेक्शन दिलं. मिनरल मिक्श्चरच्या डब्यावर बी सेलेनियम लिवलेलं हाय. मी तर चमच्याच्या जागी दोन चमचं टाकतोय, जास्त दिलं की दूध वाढंल म्हणून. मग हे औषध हाय का इख?

---

शंकासुर

दोन चमचे?? डब्यावर लिहिलेलं वाचत जा हो.

धागा आवडला. पण एक सांगतो. शेगावचा निष्कर्ष एका डॉक्टरांच्या तपासणीचा आहे. त्यावरनं पंजाबच्या सगळ्या गव्हाला नावं ठेवायची फॅशन आलीये. आमच्या गल्लीत तर एकानं पिठाच्या गिरणीवर "येथे पंजाबचा गहू दळून मिळणार नाही" अशी पाटी लावायची बाकी ठेवलीय.

---

वारणाकाठ

@शंकासुर, मान्य. पंजाबातही अशी जमीन ठरावीक पट्ट्यातच आहे. त्यावर कुणी लिहिलं तर बरं.

@खिलार, दोन्ही. सेलेनियम जनावराला लागतं हे १९५७ मध्ये कळलं, माणसालाही लागतं हे त्यानंतर. तोवर ते फक्त विष म्हणूनच माहीत होतं. शरीरात ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज नावाचं एक विकर (एन्झाइम) आहे, त्याच्या गाभ्यात सेलेनियम बसलेलं असतं. म्हणून डॉक्टर देतात ते बरोबर.

पण लागतं किती? मोठ्या माणसाला दिवसाला ४० ते ५५ मायक्रोग्रॅम. आणि ४०० च्या वर जाऊ नये. मिठाचं बघा, थोडं जास्त झालं तर भाजी खारट होते एवढंच. इथं गरज आणि धोका यांच्यात सात ते दहा पटींचंच अंतर आहे. आता शेगावचा आकडा धरा: किलोला १४.५ मिलिग्रॅम, माणसानं दिवसाला पाव किलो पीठ खाल्लं तर ३६०० मायक्रोग्रॅमच्या वर. म्हणजे वरच्या मर्यादेच्या नऊ पट.

केसच का जातात, तर तोच गंधक. केस, नखं, खूर, शिंग ज्या केराटिन नावाच्या प्रथिनाचं असतं ते सिस्टिनच्या गंधकाच्या जोडांवर उभं असतं. जोडात सेलेनियम घुसलं की जोड कच्चा. अमेरिकेत दक्षिण डकोटा, नेब्रास्का, वायोमिंगमध्ये घोड्यांच्या शेपटीचे आणि आयाळीचे केस झडायचे, खूर फाटायचे, निघून पडायचे. तिकडं लोक त्याला अल्कलीचा रोग म्हणत, पाण्यातल्या क्षारांनी होतो असं समजून. १९३० च्या दशकात कळलं की चाऱ्यातलं सेलेनियम त्याला कारण आहे.

तेव्हा एक चमचा. सपाट.

---

खिलार

एकच टाकतो आजपास्नं. 🙏

---

पानगळ

उशिरा आले. वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी होते, आता कराडात शिकवते, त्यामुळे या धाग्यावर गप्प बसवेना.

वारणाकाठ, टोपीची उपमा छान आहे, पण "फरक फारसा कळत नाही" हे महासंचयी झाडांवर थोडा अन्याय करणारं. साध्या झाडाला जमिनीत जेवढं गंधक-सेलेनियम मिळतं साधारण त्याच प्रमाणात ते आत येतं. स्टॅन्लेयासारख्या झाडात मात्र हे प्रमाण सेलेनियमकडे झुकलेलं दिसतं. शेजारी सल्फेट ढीगभर असलं तरी ते सेलेनियम ओढतं. म्हणजे दाराशी कुणीतरी ओळखणारा बसलाय.

दुसरं, ते ठेवतात कुठं? वाटेल तिथं नाही. ॲस्ट्रॅगॅलसच्या पानावर जी बारीक लव असते त्या लवेत, आणि स्टॅन्लेयाच्या पानाच्या कडेच्या वरच्या सालीतल्या पेशींत. पानाचं खरं काम चालतं त्या हिरव्या गाभ्यापासून लांब. आपल्याकडं शेतावरच्या घरात कीटकनाशकाची बाटली स्वयंपाकघरात ठेवत नाहीत, गोठ्याच्या वळचणीला टांगतात, तसं.

तिसरं, वास. टोपी घातलेल्या रेणूवर आणखी प्रक्रिया होऊन डायमिथाइल डायसेलेनाइड नावाचा वायू सुटतो. साधी झाडंही थोडं सेलेनियम हवेत सोडतात, डायमिथाइल सेलेनाइडच्या रूपात. एम.एस्सी.ला असताना मी मोहरीच्या कुंड्यांना सोडियम सेलेनेटचं पाणी घालून प्रयोग केला होता. बारा कुंड्या, चार नुसत्या पाण्याच्या, चार कमी मात्रेच्या, चार जास्त. तिसऱ्या आठवड्यात सकाळी हरितगृहाचं दार उघडलं आणि वाटलं कुणीतरी आत लसूण-मुळा ठेचून ठेवलाय आणि तो नासलाय. शिपाईमामा नाकाला रुमाल लावून म्हणाले, "मॅडम, डबा खाल्ला की धुवत जा." जास्त मात्रेच्या कुंड्यांची कोवळी पानं शिरांमधून पिवळी पडत गेली, पण झाडं मेली नाहीत. शेजारी मी हौसेनं दोन कुंड्यांत गहू लावला होता, तो मात्र त्याच पाण्यावर वितीएवढाही झाला नाही.

अवांतर: त्या झाडांचा उपयोग लोकांनी भलत्याच कामाला केला. अमेरिकेत कोलोराडोच्या पठारावर युरेनियमच्या खनिजाबरोबर सेलेनियम असतं. १९५० च्या दशकात हेलेन कॅनन या भूवैज्ञानिक बाईंनी ॲस्ट्रॅगॅलस कुठं उगवलंय ते पाहून खाली युरेनियम असेल का याचा अंदाज बांधायची पद्धत बसवली.

---

शंकासुर

वाचतोय, मजा येतेय. पण झाडाला एवढी उठाठेव कशाला? विष आत घ्यायचं, मग त्याला टोप्या घालायच्या, मग ते लवेत नेऊन ठेवायचं. त्यापेक्षा दार बंद करायचं की. का त्या झाडांना सेलेनियम लागतंच?

---

पानगळ

लागतं, असंच बरीच वर्षं वाटत होतं. सेलेनियम घातलं की ॲस्ट्रॅगॅलस जोमानं वाढतं, असं प्रयोगांत दिसायचं. मग १९७२ मध्ये लक्षात आलं की त्या प्रयोगांच्या पाण्यात स्फुरद जास्त होता, झाडं स्फुरदानं आजारी पडत होती आणि सेलेनियममुळे स्फुरदाचं शोषण कमी होऊन ती सावरत होती. उच्च वनस्पतींना सेलेनियम आवश्यक आहे असं आजवर सिद्ध झालेलं नाही.

मग कशाला, तर शत्रूसाठी. मावा, अळ्या, नाकतोडे, प्रेअरीतल्या (अमेरिकेतल्या गवताळ मैदानांतल्या) खारीसारख्या प्राण्यांपर्यंत सगळे सेलेनियमवाली पानं टाळतात. खाल्ली तर मरतात. झाड स्वतःच फवारलेलं जन्माला येतं म्हणा ना. शिवाय त्याची पानं खाली गळून बुंध्याभोवतीची माती इतकी सेलेनियमयुक्त होते की सेलेनियम न सोसणारी झाडं शेजारी नीट उगवत नाहीत.

पण निसर्गात कुणाची मक्तेदारी टिकत नाही. कोबीवरचा चौकोनी ठिपक्यांचा पतंग माहीत असेल...

---

कोबीवाला_कोरेगाव

माहीत असेल?? ताई, गेल्या वर्षी दीड एकर फ्लॉवर त्यानं चाळण करून ठेवला. औषधं बदलून बदलून थकलो. शेवटी रोटर मारला.

---

पानगळ

तोच तो! साध्या चौकोनी ठिपक्याच्या पतंगाच्या अळ्या सेलेनियमवाली पानं खाऊन मरतात. पण अमेरिकेत स्टॅन्लेयावर या पतंगाचा एक वेगळा वाण सापडला, २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. तो खुशाल ती पानं खातो. साध्या अळीच्या पोटात टोपीवाला रेणू उघडा पडून पुन्हा सेलेनोसिस्टिन होतो आणि तिथं घात होतो. या वाणाची अळी टोपी काढतच नाही, आहे तसा रेणू साठवून ठेवते. आणि तिच्यावर जगणारी एक परजीवी गांधीलमाशी, तीही सेलेनियम पचवायला शिकलेली.

तेव्हा भाऊ, तुमच्या औषधांना तो दाद देत नाही यात तुमचा दोष नाही. त्याची खानदानी सवय आहे.

---

बागायतदार_मिरज

मोहरी एवढं ओढते म्हणताय तर एक डोक्यात आलं. कृष्णाकाठची आमची जमीन क्षारपड झालीय, ऊस गुडघ्याएवढा राहतो, वर पांढरं फुललेलं. मोहरी लावून दोन वर्षांत जमीन धुऊन निघेल का? यूट्यूबवर एक जण छातीठोक सांगत होता.

---

वारणाकाठ

नाही निघणार. यूट्यूबवाल्यानं सेलेनियम आणि क्षार एकाच पोत्यात भरले.

सेलेनियम एकरात ग्रॅमच्या हिशेबात असतं, ते मोहरी उचलू शकते. आपल्या क्षारपड जमिनीत मीठ टनाच्या हिशेबात असतं. मोहरी कापून नेली तरी त्याचा कोपराही जाणार नाही. त्याला पाणी आणि निचराच लागतो. जमिनीखालून सच्छिद्र पाइप टाकून भूमिगत निचरा, आणि चोपण (सोडियम वाढून घट्ट झालेली जमीन) असेल तर सोबत जिप्सम. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात हेच काम चालतं, एकदा जाऊन या, मिरजेपासून लांब नाही.

पण तुमच्या प्रश्नात एक गोष्ट दडलीय. भूमिगत निचऱ्याचं पाणी जातं कुठं? आपण ओढ्याला सोडतो. कॅलिफोर्नियात सॅन वाकीन खोऱ्यात हेच केलं, आपल्यासारखीच पाणी जास्त होऊन खारावलेली जमीन. निचऱ्याचं पाणी एका मोठ्या कालव्यातून केस्टरसन नावाच्या तळ्यांत नेऊन सोडलं, पाणपक्ष्यांचं अभयारण्य होतं ते. १९८३ मध्ये तिथं बदकांची आणि चांदव्यांची पिल्लं अंड्यातच डोळ्यांविना, वाकड्या चोचीची सापडायला लागली. त्या खोऱ्याची माती शेजारच्या डोंगरातल्या जुन्या सागरी गाळाच्या खडकांची, त्यात सेलेनियम. पाण्याबरोबर ते तळ्यात आलं, शेवाळात साठलं, किड्यांत वाढलं, पक्ष्यांत पोचलं. १९८६ मध्ये तो निचरा बंद करावा लागला.

त्यानंतरच तिथं मोहरी, कॅनोला, स्टॅन्लेया लावून सेलेनियम उचलायचे प्रयोग झाले. आणि लगेच प्रश्न आला, की कापलेल्या पाल्याचं करायचं काय? त्यातून निघालेली युक्ती मला आवडली: जिथं चाऱ्यात सेलेनियम कमी पडतं तिथं तो पाला पूरक चारा म्हणून थोडा थोडा मिसळायचा. खिलार, तुमच्या डब्यातल्या चमच्याचंच झाड झालं हे. जगात कमतरताही तेवढीच आहे. चीनमध्ये केशान भागात सेलेनियमच्या कमतरतेशी जोडलेला हृदयरोग होता, फिनलंडनं तर १९८४ मध्ये खतातच सेलेनियम घालायचं ठरवलं.

आपली सांगली-साताऱ्याची जमीन दख्खनच्या काळ्या बेसॉल्टची, लाव्हाची. अशा खडकात सेलेनियम मुळातच थोडं असतं. ते जास्त असतं सागरी गाळाच्या शेलसारख्या खडकांत. त्यामुळे आत्याच्या पलूसच्या मळ्यातल्या गव्हाची मला काळजी नाही. काळजी असलीच तर पोत्यावर कुठल्या गावाचं नाव नाही अशा गव्हाची.

---

बागायतदार_मिरज

म्हणजे पाइपच टाकावे लागणार. शेजारी तयार नाही, त्याच्या शेतातनं पाइप न्यायचाय. असो, तो वेगळा धागा होईल.

---

गलाईवाला_विटा

पंजाबचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमच्या खानापूर-आटपाडी भागातली माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगलीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. माझा चुलतभाऊ वीस वर्षं होशियारपूरला गलाईचं दुकान चालवतो. मी पण तिथं चार वर्षं काढली.

होशियारपूर आणि शेजारचा नवांशहर (आता शहीद भगतसिंग नगर), ह्या दोन जिल्ह्यांत काही गावं अशी आहेत. शिवालिकच्या डोंगरातनं पावसाळी नाले उतरतात, त्यांना तिकडं 'चो' म्हणतात. त्यांनी शतकानुशतकं वाहून आणलेल्या गाळात सेलेनियम. सगळा जिल्हा नाही, सगळं पंजाब तर नाहीच, हजारभर हेक्टरांचा तुकड्या-तुकड्यांचा पट्टा. लुधियानाच्या कृषी विद्यापीठानं त्यावर खूप काम केलंय. दुकानात येणारे जाट शेतकरी सांगायचे, जानेवारीत गव्हाची पात पांढरीफटक पडते, दुधासारखी. म्हशींचे खूर सुटतात. वर बोअरच्या पाण्यातही ते असतं, आणि भाताला पाणी किती लागतं सांगायला नको. दरवर्षी थोडं थोडं वर चढत जातं.

उपाय म्हणून विद्यापीठानं सांगितलं जिप्सम. वारणाकाठ, तुमच्या दारांच्या गोष्टीवरून मला आता कळलं ते का. जिप्सममध्ये सल्फेट. दाराशी गंधकाची एवढी गर्दी करायची की सेलेनियमला आत शिरायला जागा मिळू नये. आपण चोपण सुधारायला जिप्सम टाकतो, ते सेलेनियम अडवायला टाकतात.

धंद्यातली गोष्ट: तांबं शुद्ध करताना टाकीच्या तळाशी जो काळा गाळ बसतो, त्यात सोनं-चांदी असते आणि तिच्यासोबत सेलेनियम. जगातलं बरंचसं सेलेनियम त्या गाळातनंच काढतात.

---

पानगळ

वा गलाईवाले! मूळ शोधही गाळातलाच बरं का. १८१७ मध्ये स्वीडनमध्ये बर्झेलियस हा रसायनशास्त्रज्ञ गंधकाम्लाच्या कारखान्यातला तांबूस गाळ तपासत होता. जाळल्यावर उग्र वास आला, म्हणून आधी त्याला वाटलं हे टेल्युरियम. नंतर कळलं की नवं मूलद्रव्य. टेल्युरियम पृथ्वीच्या नावावरून होतं म्हणून याला चंद्राचं नाव दिलं, सेलेनी.

गंधकाच्या कारखान्यात सापडलेलं, आणि पहिल्यांदा भलतंच समजलेलं. बर्झेलियसची जिथं फसगत झाली तिथं गव्हाच्या मुळाला काय बोलायचं.

---

शंकासुर

गलाईवाले, एकच शंका. तुमचा भाऊ वीस वर्षं होशियारपूरला आहे, तिथला गहू खातो. केस शाबूत आहेत ना?

---

गलाईवाला_विटा

लगेच फोन लावला होता. हसायला लागला. म्हणाला, "गहू कोण खातंय हिथं? बाजारचं नाय परवडत गड्या, दिवाळीला आलो की दोन पोती शाळू घेऊनच येतो. बायको आटपाडीचीच हाय, भाकरीबिगर जेवत न्हाय."

केस मात्र गेलेत. पण ते आमच्या आजोबांचे पण गेले होते.